ह्यांच्या फोटोची नाडी

"नाडी सापडली नाही तर पडद्यावरची चौकट रिकामी राहू दे, सर. खोटा आकडा नको."

"रिकामी चौकट विकत कोण घेईल, अरुणा?"

हे भांडण मी स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता ऐकलं. चार वर्षं झाली, पण आठवलं की अजून डोकं तापतं.

अरुणा मूळची अकोल्याची, इंजिनीयर. इथे सिंगापुरात, आंग मो किओला, माझ्या मुलाच्या फ्लॅटमधली मागची खोली तिने भाड्याने घेतली होती. माझी नाडी मध्येच ठोका गाळते, हे तिनेच ओळखलं. दर शनिवारी अंघोळ झाली की माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवून, घड्याळाकडे बघत पुरतं मिनिटभर मोजायची. "आजी, आज दोनदा चुकली हं," म्हणायची, की मी चहा ठेवायला मोकळी.

तिच्या कंपनीने कॅमेरा केला होता, हात न लावता नुसत्या चेहऱ्यावरून नाडी सांगणारा. दर ठोक्याला कातडीचा रंग जरासा पालटतो, आपल्याला दिसत नाही, त्याला दिसतो म्हणे. इथल्याच क्वीन्सटाउनच्या एका वृद्धाश्रमात तो बसवायचा होता.

"आजींवरच बघू," कॅमेरा घेऊन घरी आलेला तिचा साहेब शैलेंद्र म्हणाला. कॅमेरा म्हटल्यावर मी आपली तोंडाला पावडर लावून बसले. आकडा आला बहात्तर. अरुणाने मनगट धरून मोजले, अठ्ठ्याण्णव.

"पावडरीमुळे," शैलेंद्र हसला.

साबणाने तोंड धुऊन आले. पुन्हा बहात्तर!

"सर, काळ्या चेहऱ्यावर त्याला काही सापडतच नाही. मग तुम्ही घालायला लावलेला ठरीव आकडा दाखवतो."

"कशावरून?"

अरुणाने कॅमेरा भिंतीकडे वळवला. तिथे आमच्या ह्यांचा फोटो, चंदनाचा हार घातलेला. ह्यांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. कॅमेरा म्हणाला, बहात्तर.

"बघा साहेब," मी म्हटलं, "हे जिवंतपणी कधी एवढे ठणठणीत नव्हते."

शैलेंद्र गोरापान. त्याचे कान लाल झाले. ते मात्र कॅमेऱ्याला दिसले असते.

चाचणीच्या कागदावर अरुणाची सही हवी होती. "तिथे माझ्या रंगाचीही माणसं आहेत," म्हणाली आणि केली नाही. पंधरवड्यात नोकरी गेली, नोकरीबरोबर इथे राहायचा पास, आणि महिन्याभरात देश सोडायचा. सही दुसऱ्या कोणीतरी केली. कॅमेरा भिंतीवर चढला.

मी चौथी शिकलेली. मेलेल्या माणसाला नाडी देणारं यंत्र वाया गेलंय, हे मला कळतं. त्या शिकलेल्यांना कळत नव्हतं होय? चांगलं कळत होतं मेल्यांना! माझा संताप त्याचाच आहे.

अरुणा आश्रमात जाऊन नर्सला सांगून आली, काळ्या माणसांची नाडी हातानेच बघत जा. नर्स इथल्या ढंगात "ओके लाह" म्हणाली. पुढे बघते की नाही, देव जाणे.

अरुणाचं विमान शनिवारी दुपारचं होतं. बॅग दाराशी, टॅक्सी खाली येऊन थांबलेली, ड्रायव्हरचा फोन वाजतोय. ती अंघोळ करून आली, माझ्यासमोर बसली, मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत राहिली. पुरतं मिनिटभर.

"आज एकदाच चुकली, आजी," म्हणाली आणि बॅग उचलली.