तेरा फेब्रुवारी, दुपारी बारा

माझी जन्मतारीख एक जुलै आहे आणि ती खोटी आहे. खाप्याच्या शाळेत नाव घालताना मास्तरांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि एक जुलै लिहून टाकलं. माझ्या घरात कोणाचीही तारीख अशी अंदाजपंचे लिहायची नाही, हे मी तेव्हापासून ठरवलं होतं. पुढचा सगळा घोळ त्या निश्चयातून झाला!

आमची नंदा ओकाऱ्यांनी बेजार होऊन तिसऱ्याच महिन्यात माहेरी आली. जावई आसामात नोकरीला. त्यांना रजा मिळणार दहा दिवस, तीही एकदाच.

"बाबा, बाळ होईल तेव्हा हे इथं पाहिजेत," नंदा म्हणाली. "बाकी मले काही नको."

म्हणजे सगळं तारखेवर आलं. आणि तारीख म्हणजे माझा प्रांत! पाळीची तारीख हिने, म्हणजे नंदाच्या आईने, मला हळूच सांगितली (भिंतीकडे तोंड करून), मी दोनशे ऐंशी दिवस मोजले आणि तीन फेब्रुवारी काढली.

तेव्हा नागपुरात सोनोग्राफी नवीनच आली होती. डॉक्टरीणबाईंनी ती करायला लावली आणि म्हणाल्या, "चोवीस फेब्रुवारी."

"एकवीस दिवसांचा फरक?" मी वही पुढे केली.

"तिची पाळी दीड-दीड महिन्याने यायची. त्यात तुमचं गणित बसत नाही. या महिन्यात सगळी बाळं जवळपास एकाच मापाची असतात, म्हणून आत्ताचं माप खरं. हीच तारीख धरा."

आता, मी खापरखेड्याच्या वीजकेंद्रात बॉयलरची रीडिंगं लिहिणारा माणूस. दोन मीटर वेगवेगळं दाखवू लागले की मी सरासरी काढतो. बावीस वर्षांत बॉयलरने तक्रार केली नाही. तीन आणि चोवीस, सत्तावीस. भागिले दोन, साडेतेरा. म्हणजे तेरा फेब्रुवारी, दुपारी बारा!

"काहून असं करता?" ही कळवळून म्हणाली. "ते लेकरू हाय, बॉयलर नाही!"

पण जावयांना पत्र गेलं होतं: दहा ते एकोणीस रजा घ्यावी. विसर नको म्हणून पुढचे सहा महिने प्रत्येक पत्रात, कॅलेंडरवर, दुधाच्या कार्डावरही मी तेरा फेब्रुवारी लिहीत राहिलो.

जावई दहाला आले. तेराला सकाळी अकरा वाजता मी नंदाला, हिला, जावयांना, बोचकं आणि थर्मास घेऊन दवाखान्यात हजर.

"कळा सुरू झाल्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही."

"पाणी गेलं?"

"नाही."

"मग आणलं कशाला?"

"तारीख आहे!"

त्यांनी आम्हाला परत पाठवलं. कॉलनीच्या फाटकातच शेजारचे वामनराव उभे. "काय गा, बारा तर वाजून गेले!" पुढचे सहा दिवस हेच. जावई ओसरीवर बसून नंदाकडे पाहत, नंदा माझ्याकडे पाही, मी कॅलेंडरकडे. एकोणीसला त्यांना गाडीत बसवलं. खिडकीतून ते शांतपणे म्हणाले, "मामाजी, तुम्ही बॉयलरच पाहत जा." गाडी हलली तशी नंदा जी रडू लागली, ती घरी पोचेपर्यंत.

तेवीसला मुलगी झाली.

"एक दिवस माझाही चुकला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तेवढ्यात नर्सने जन्माच्या नोंदीचा फॉर्म पुढे केला. दोन रात्रींचं जागरण. मी भरला, सही केली, दिला.

महिन्याभराने दाखला आला. जन्मतारीख: तेरा फेब्रुवारी!

सहा महिने हाताला तीच सवय लागली होती. मी घाम पुसत चप्पल घातली. "आत्ता जाऊन दुरुस्त करून आणतो."

नंदाने दाखला माझ्या हातातून घेतला. वाचला आणि जावई गेल्यापासून पहिल्यांदा हसली.

"राहू द्या, बाबा. तेराले हे इथंच होते ना? कागदावर तरी हजर होते."

"पण हे खोटं आहे!"

"मंग पाठवा आसामले पत्र," ही आतून म्हणाली, "का तुमची हजेरी रद्द झाली म्हणून!"

मी चप्पल काढली. आता घरात खोट्या जन्मतारखेची दोन माणसं आहेत. माझी मास्तरांनी नुसतं पाहून लिहिली. नातीची मात्र मी सहा महिने गणित करून चुकवली आहे.