उडी त्याची, चेहरा दुसऱ्याचा

परांची बांधणाऱ्या टोळीत त्याला सगळे नाकतोडा म्हणत. बारीक अंग, लांब तंगड्या. दहाव्या मजल्यावरच्या पाइपवरून तो अंगणात फिरल्यासारखा चालायचा. लहानपणी जिम्नॅस्टिक्स केलेलं. पदकं काही मिळाली नाहीत, पण अंगातला लवचीकपणा राहिला आणि उडीआधी डावं मनगट दोनदा झटकायची सवयही.

समोरच्या ऑफिसातून एका माणसाने त्याला बरेच दिवस पाहिलं आणि शेवटी खाली येऊन गाठलं. तो व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत होता. छपरांवरून पळणाऱ्या नायकाचा गेम करत होते ते. "चेहरा आहे आमच्याकडे," तो म्हणाला, "पळणारं अंग नाहीये."

नाकतोड्याने तीन आठवड्यांची सुट्टी टाकली. एका भल्यामोठ्या हॉलमध्ये काळा तंग पोशाख घालून, अंगभर पांढरे गोळे चिकटवून, कॅमेऱ्यांच्या गराड्यात तो धावला, लोंबकळला आणि एक दिवस तर गादीवर चाळीस वेळा पडला. त्याची प्रत्येक हालचाल टिपून ती गेममधल्या नायकाला द्यायची होती.

"आज पडण्याचे पैसे मिळाले," घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं. ती चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवायची.

"फुकट पडू नका म्हणजे झालं," ती म्हणाली.

दोन वर्षांनी तो गेम आला. एकाच कंपनीच्या नव्या कन्सोलवर तो चालायचा, दुसऱ्या कशावरही नाही. ज्यांनी आजवर असल्या मशीनकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, ते या एका गेमसाठी कन्सोल घ्यायला रांगा लावू लागले. त्यातला माणूस खराखुरा पळतो, असं जो तो सांगत होता.

जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी मोबाइलवर जाहिरात लावली. पडद्यावर भलताच देखणा तरुण छपराच्या कडेला आला, डावं मनगट दोनदा झटकलं आणि झेपावला. टोळीतला एकजण ओरडला, "अरे, हा तर आपला नाकतोडा!"

त्या दिवसापासून सगळे त्याच्या मागेच लागले. दाखव की ती उडी. एकदाच. चार दिवस त्याने हसण्यावारी नेलं. पाचव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर त्याने सेफ्टी बेल्टचा हुक काढला आणि समोरच्या फळीवर उडी घेतली. पाय बरोबर टेकले, पण फळी सरकली.

खुब्याचं हाड मोडलं, उजव्या पायात सळ्या बसल्या. चौकशीला आलेल्या साहेबाने खाटेजवळ खुर्ची ओढून विचारलं, "बेल्ट होता ना? मग पडलास कसा?"

"हुक सटकला," तो म्हणाला. टोळीतले दाराशी उभे होते. कुणीच तोंड उघडलं नाही.

बेल्ट, दोर, हुक यांची जबाबदारी स्टोअरकाकांची होती. बावीस वर्षं ते प्रत्येक हुक हाताने ओढून बघत आणि मगच देत. आठवड्याभरात त्यांना घरी बसवलं. नाकतोड्याला भरपाई मिळाली आणि गेटवरच्या केबिनमध्ये बसून करायचं काम.

भरपाईतून त्याने पहिल्यांदा काय आणलं, तर तो कन्सोल. बायको बघतच राहिली. घरातल्या फ्रिजचं दार दोरीने बांधून बंद करावं लागत होतं.

"आधी हे?"

"एकच गेम बघायचाय. तो दुसऱ्या कशावर चालत नाही."

कामावरून आला की तो टीव्हीपुढे बसायचा. पायाचे व्यायाम राहून जायचे. गेममधली कामगिरी, शत्रू, खजिना यांत त्याला रस नव्हता; तो नुसता धावायचा. छपरांवरून, भिंतींवरून, आपल्याच दोन्ही धडधाकट पायांनी. पण दोन मनोऱ्यांमधली एक फट आली की थांबायचा आणि मागे फिरायचा. तिथून पुढे तो कधी गेलाच नाही. बायकोने एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यावर आनंदाचा लवलेश नव्हता.

"आवडत नाही तर खेळता कशाला?"

त्याने गेम पुन्हा सुरू केला.

एका सुट्टीच्या दुपारी ती त्याच्याशेजारी येऊन बसली. "आणा इकडे. एवढं काय आहे त्यात, बघू तरी." तो नको नको म्हणेपर्यंत तिने त्याच्या हातातून कंट्रोलर घेतला, नायकाला त्या फटीपर्यंत नेलं आणि भलतंच बटण दाबलं. नायक खाली कोसळला. हात हवेत काहीतरी धरायला धडपडले, एक खांदा वळला, पाय दुमडले. चेहरा परक्याचा होता, पण ते हात, तो खांदा ती ओळखत होती. आपला नवरा पडताना तिने प्रत्यक्ष पाहिला नव्हता. तो आत्ता पाहिला. कंट्रोलर खाली टाकून तिने तोंडावर हात धरला.

"हुक सटकला नव्हता," तो म्हणाला.

"काय?"

"मीच काढला होता. उडी दाखवायला."

तिने उठून टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "स्टोअरकाका दुकानात आले होते मध्ये. चष्म्याची दांडी तुटलेली. नवी फ्रेम नको, यालाच काहीतरी करा म्हणाले. आणि तुमचा पाय कसा आहे ते विचारत होते."

"खरं सांगितलं तर नोकरी जाईल," तो अखेर म्हणाला. "भरपाईही परत मागतील."

"मागतील," ती म्हणाली. सगळं ठीक होईल, असं काही ती म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत तो काकांच्या घरचे दोन जिने चढला. काकांनी दार उघडलं, बस म्हणाले. त्याने उभ्यानेच सगळं सांगून टाकलं.

काका आपल्या तळहातांकडे बघत म्हणाले, "त्या सकाळी तो हुक मी ओढून बघितला होता. मला पक्कं आठवत होतं. पण सगळे म्हणायला लागले तसं मलाही वाटायला लागलं, नसेल बघितला. आठ महिने माझा माझ्याच हातांवर भरवसा नाही, बाबा. घराचं कुलूप तीन-तीनदा ओढतो मी."

"काका, माफ करा मला."

"ते नंतर बघू. आधी लिहून दे."

तिथेच टेबलावर त्याने लिहून दिलं. काकांनी तो कागद बांधकाम कंपनीत नेऊन दिला. सुनावणीत साहेबाने विचारलं, "आठ महिन्यांनी आत्ताच कसं सुचलं?" गेमबद्दल सांगितलं असतं तर खोलीत हशा पिकला असता. "उशीर झाला," एवढंच तो म्हणाला.

गेटवरचं काम गेलं. भरपाईचं प्रकरण पुन्हा उघडलं, ते अजून मिटलेलं नाही. टोळीतल्यांचीही चौकशी झाली, तेव्हापासून त्यांनी बोलणं टाकलं. कन्सोल बायकोने दुकानातल्या एका गिऱ्हाइकाला विकला. नाकतोड्याने तो स्वतःच खोक्यात भरून दिला. काकांवरचा ठपका पुसला गेला. कंपनीने परत बोलावलं, पण ते गेले नाहीत. दोष नसल्याचं पत्र तेवढं मागून घेतलं आणि दुसरीकडे कामाला लागले.

हल्ली दोघं कधी रस्त्यात समोरासमोर येतात. काका थांबतात.

"काही काम मिळालं?"

"अजून नाही."

"बघ," काका म्हणतात आणि पुढे जातात.