नावाआधी काय लावू?

आमच्या धायरीच्या सोसायटीत कोणी काशीला निघालं, की त्याच्याकडे यात्रेकरू म्हणून कोणी बघत नाही, कुरिअर म्हणून बघतात. शेजारच्या साठेकाकूंनी गंगेचा गडू (गंगाजल भरलेलं सीलबंद तांब्याचं भांडं) सांगितला. वरच्या मजल्यावरच्या काकांनी स्वतःच्या नावाने एक बुडी सांगितली आणि "डोकं पूर्ण पाण्याखाली जाऊ दे, अर्धवट कामं मला चालत नाहीत" अशी सूचनाही दिली. हिंजवडीच्या ऑफिसात सगळ्यांनी "एकटाच? काशीला? या वयात?" असं आळीपाळीने विचारून घेतलं.

आईने काहीच आणायला सांगितलं नाही. कोपऱ्यावर मी रिक्षात सॅक चढवत होतो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "यांच्या नावाने काय करायचं ते बघ."

'हे' म्हणजे माझे वडील. आई त्यांचं नाव घेत नाही, घेतलेलं मी कधी ऐकलेलं नाही. बाबा भोसरीच्या एका कारखान्यात लेथवर होते. तो बंद पडला. त्यानंतर काही महिने ते रोज डबा घेऊन घराबाहेर पडत राहिले, कुठे जात होते कोणास ठाऊक, आणि एका सकाळी डबा ओट्यावरच ठेवून गेले. ते परत आले नाहीत. पोलीस, नातेवाईक, पेपरातली जाहिरात, सगळं करून झालं. बारा वर्षं वाट बघितली की मग माणूस गेला असं समजून पुढचं करायला हरकत नाही, असं आमच्याकडची मोठी माणसं सांगतात. ती बारा वर्षं यंदा भरली होती.

मी काय करणार ते गाडीतच ठरवून टाकलं होतं. तीळ सोडायचे, पाणी सोडायचं आणि मोकळं व्हायचं. मला बाबांचा राग होता. कारखाने त्या काळात कितीतरी बंद पडले, पण बाकीच्यांचे वडील वडापावच्या गाडीवर उभे राहिले, रिक्षा चालवायला लागले, चिडचिडे झाले, पण संध्याकाळी घरी आले.

काशीला उतरलो तेव्हा सकाळ होती आणि इतकं धुकं होतं, की स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांचे आधी आवाज ऐकू आले आणि माणसं नंतर दिसली. सायकलरिक्षाने गोदौलिया चौकात सोडलं. तिथून पुढे गल्ल्या, आणि त्यातून ब्रह्मा घाटाजवळच्या एका मराठी गुरुजींचं घर गाठायचं होतं. पुण्यात पत्ता विचारला तर माणूस आपला अपमान करतो, पण पत्ता बरोबर सांगतो. काशीत सगळ्यांनी मला अत्यंत प्रेमाने चुकीच्या गल्लीत पाठवलं. एका गल्लीत समोरून सांड आला. मी भिंतीला चिकटलो, पण सॅक काही चिकटेना. सांडाने थांबून माझ्याकडे, मग सॅककडे पाहिलं. शेवटी एका कचोरीवाल्याने मला दंडाला धरून आपल्या दुकानात ओढलं आणि ओढलंच आहे म्हणून खायलाही घातलं. कचोरी, तिखट भाजी आणि त्याच पानाच्या द्रोणात जिलबी. गोड आणि तिखट एकमेकांत मिसळत होतं आणि कोणालाच त्याची चिंता नव्हती. वर मलइयो (दुधाचा केशर घातलेला फेस, थंडीतच मिळतो) घेतला. तो तोंडात टाकेपर्यंत असतो आणि मग नसतो.

गुरुजींचं घर सापडलं. त्यांच्या कितीतरी पिढ्या काशीतच गेल्या. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं होतं आणि मध्येच त्यात हिंदी मिसळे.

"आपण कुठले?"

"पुण्याचा."

"मग आधी पाणी प्या. चुका नंतर काढा."

मी हसलो. सॅक ठेवायला खोली दाखवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "काय करायचं आहे? कोणासाठी?"

"वडिलांसाठी."

"त्यांचं शुभनाम?"

"मनोहर रामचंद्र कुंभोजे."

"नावाआधी काय लावू? श्री की कै.?"

मी गाडीत पाठ केलेलं उत्तर द्यायचं होतं. 'कै.' हे एकच तर अक्षर. ते तोंडातून बाहेर पडेना. मी म्हणालो, "ते घरातून निघून गेलेत. बरीच वर्षं झाली."

गुरुजींना नवल वाटलेलं दिसलं नाही. "माणूस हयात असेल तर त्याच्या नावाने बुडी मारायची. गेला असेल तर तीळ-पाणी द्यायचं. निघून गेला असेल तर घरच्यांनी ठरवायचं, मी नाही ठरवत. उद्या पहाटे घाटावर या आणि सांगा. आज शहर बघा."

मग मी शहर बघायला निघालो. घाटाच्या पायऱ्या उतरलो आणि धुक्यातून नदी दिसली, अगदी संथ. अलीकडे देवळं, छत्र्या, कपडे वाळत घातलेल्या दोऱ्या, घंटा, अशी नुसती दाटी. पलीकडे रिकामी वाळू. तिथे कोणी काहीच बांधलेलं नाही. मला तो रिकामा काठ फार आवडला. मी बराच वेळ बसून तोच बघत राहिलो.

पुढे मणिकर्णिकेला लाकडांच्या राशी रचलेल्या होत्या आणि चिता जळत होत्या. शेजारी दोघे जण चहा पीत क्रिकेटवर भांडत होते. मला वाटलं होतं की इथे मला भीती वाटेल. तसं झालं नाही, उलट हेवा वाटला. त्या लोकांना आपलं माणूस नक्की कुठे आहे ते डोळ्यांसमोर दिसत होतं.

दुपार टळल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी घाट बघतच नव्हतो. मी म्हातारे बघत होतो. बाबा चालताना डावा हात पाठीमागे कमरेवर ठेवायचे. कोणी तसा चालताना दिसला की मी भरभर पुढे जाऊन, वळून त्याचा चेहरा बघायचो. एका साधूने "क्या चाहिए, बच्चा?" असं विचारलं तेव्हा मी खजील होऊन चहाच्या टपरीकडे वळलो. तीळ सोडायला आलेला मी, आणि दिवसभर करत होतो काय? स्वतःचाच राग आला, आणि त्याहून जास्त रडू आलं. कुल्हडमधला (मातीच्या पेल्यातला) चहा निवून गेला.

ऊन उतरल्यावर पंचगंगा घाटाच्या खालच्या पायरीवर बसलो होतो. मनात गुरुजींचा प्रश्न घोळत होता. नावाआधी काय? एवढ्यात कोणीतरी अगदी जवळून विचारलं,

"भैया, नाव?"

"मनोहर रामचंद्र कुंभोजे," मी म्हणालो.

समोर उभा असलेला माणूस गोंधळला. त्याने पाण्याकडे बोट दाखवलं. "अरे भैया, नाव! नाव पे घूमेंगे क्या?"

हिंदीत नाव म्हणजे होडी, हे मला शाळेपासून माहीत होतं. पण दिवसभर डोक्यात नावच होतं, त्याला मी तरी काय करणार? मी हसायला लागलो, तोही हसला. मग शेजारच्या पायरीवर टेकत त्याने सहज विचारलं, "ये किसका नाम बताया आपने?"

"पिताजी का."

"साथ आए हैं? बुला लीजिए, दोनों को घुमा देंगे."

मी पटकन उत्तर दिलं, जसं घरी कोणी विचारलं तर आपण देतो तसं. "अभी आए नहीं हैं."

"ठीक है. आएँगे तो आइएगा," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला.

मी तिथेच बसून राहिलो. अभी आए नहीं हैं. हे मी गाडीत ठरवलेलं नव्हतं. माझा राग कुठेही गेला नव्हता, पण रागसुद्धा परत येणाऱ्या माणसावरच धरता येतो, हे मला त्या पायरीवर कळलं. दुसऱ्या दिवशी पहाटे गुरुजींना "श्री" म्हणून सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. पाणी इतकं गार होतं, की पहिली बुडी काकांच्या नावाने उरकली. दुसरीत मात्र मी दम टिकेल तेवढा आत राहिलो.

परतीच्या गाडीत धास्ती होती ती आईची. तिला सुटका हवी असली तर? बारा वर्षं रोज सकाळी कुंकू लावताना तिच्या मनात काय येत असेल, ते मी कधी विचारलं नव्हतं. आपल्या एका बोलण्याने आपण तिला पुन्हा वाट बघायला बसवलं की काय, हा विचार पुणे स्टेशन येईपर्यंत सुटला नाही.

घरी पोचलो. आईने ताट वाढलं. मी आमटी ओरपत सांड सांगितला, कचोरी सांगितली आणि शेवटी तो नावाड्याचा घोटाळा सांगितला. "त्याने नाव विचारलं, आणि मी बाबांचं नाव सांगून बसलो."

आईचा हात आमटीच्या पळीवर थांबला. "काय सांगितलंस नेमकं?"

"मनोहर रामचंद्र कुंभोजे."

"नुसतं असं?" ती म्हणाली. "आधी श्री नाही लावलंस?"