बंद घरातला ओला लोटा

भूतबित, सावल्याबिवल्या यांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगते. मैत्रिणी असले किस्से सुरू करायला लागल्या की मी मशीन चालू करून ब्लाउजला टीप मारत बसते. पण यंदाच्या उन्हाळ्यात जे झालं ते डोक्यातनं जाईना... म्हणून लिहितेय.

आम्ही कळंबचे. घरात दखनी बोलतो, इथं मराठीत लिहिते. माझे मिस्टर रफीक, मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे, त्यांना नाद खाऱ्या पाण्याच्या टाकीचा. आता बघा — समुद्र कुठं, कळंब कुठं, नळाला पाणी यायची मारामार — आणि हे फिल्टरच्या पाण्यात पिशवीतलं मीठ कालवून बैठकीत समुद्र करणार. त्यात नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची जोडी, दगडाला चिकटलेली प्रवाळं. पंप थांबला की पाण्यातली हवा संपते, सगळं गुदमरतं. इन्व्हर्टर घ्या म्हणून मी डोकं आपटून थकले.

लाइट गेली की सासरे उठायचे. अब्बा. स्वयंपाकघरातलं स्टूल घ्यायचे, त्यावरची कांद्याची टोपली नेमकी बैठकीच्या दारात ठेवायचे, टाकीच्या डाव्या बाजूला बसायचे आणि वजूच्या, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायच्या, जुन्या लोट्यानं पाणी काढून वरनं धार सोडत राहायचे, पाण्यात हवा मिसळावी म्हणून. तासन्‌तास. फरशीवर थेंब सांडायचे, वाळले की मिठाचे पांढरे डाग.

"अब्बा, फरशीचं पार वाटोळं झालंय," मी म्हणायची.

"पुसतो ना बेटा," ते म्हणायचे. कधी पुसली नाही.

हिवाळ्यात अब्बा गेले. रफीक रडले नाहीत, बोलणंही तुटक झालं. दुकानातनं आले की टाकीसमोर बसायचे, बस्स. टाकीला काही झालं तर हा माणूस कायमचा मिटून जाईल, अशी धास्ती मला होती.

मे महिन्यात ईट गावाला माझ्या मामेबहिणीचं लग्न होतं. सकाळीच कुलूप लावून निघालो. जेवणं उरकल्यावर मी सहज विचारलं, "पंप नीट चालत होता ना?"

रफीकचा चेहरा उतरला. गावाला जाताना मेन स्विच बंद करायचा, हा अब्बांनीच घातलेला नियम. शॉर्ट सर्किटची लई भीती त्यांना. आणि ह्यांनी सवयीनं मेन बंद करून टाकला होता.

"किल्ली शेजारी दिली का?"

"न्हाय. खिशातच हाय."

गाडीवर मागं बसून मी रस्ताभर बडबडत होते. एवढी टाकीची काळजी, अन् स्वतःच्या हातानं बटण बंद करायचं म्हणजे काय? रफीक एकदाच बोलले, "अब्बाची तेवढी टाकीच राहिली होती."

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. कुलूप जसंच्या तसं. दार उघडून आत पाऊल टाकलं आणि मी धडपडले... कांद्याच्या टोपलीत. दारात.

मेन बंदच होता. मोबाइलच्या उजेडात बघितलं तर मासे खुशाल फिरत होते. स्टूल टाकीच्या डाव्या बाजूला. अब्बांचा लोटा मी कपाटात ठेवला होता, तो स्टुलावर, ओला. खाली ताजे थेंब, आणि भोवती वाळलेले पांढरे डाग.

रफीकनी मेन चालू केला, पंपाचा आवाज आला, आणि ते तिथंच फरशीवर बसून लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. अब्बा गेल्यापासून पहिल्यांदा.

टाकीचे मासे विकणारा सोलापूरचा दुकानदार म्हणतो, कधीकधी मासे तग धरतात. धरत असतील. टोपली काय तग धरून दारात आली? कुलपाला दुसरी किल्ली नाही, खिडक्यांना गज आहेत. विचार करून करून मी वैतागले, उत्तर नाही ते नाहीच.

त्या संध्याकाळी फडकं घेऊन शेवटी फरशी पुसली कुणी? मीच. "पुसतो म्हणायचं अन् निघून जायचं," असं पुटपुटत पुसली, आणि मग मलाही रडू आवरेना.

स्टूल अजून तिथंच आहे. कांदे मी आता खाली जमिनीवर ठेवते.