जावयाच्या हातातला चेंडू

मी उड्या मारण्याचा पगार घेत असे. हे वाक्य लग्नाच्या पंगतीत टाकलं की आजूबाजूचे घास हातातच थांबतात, असा अनुभव असल्यामुळे इथंही ते सुरुवातीलाच टाकतो.

हैदराबाद संस्थानातले ते दिवस. जालन्याच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठजींनी सिकंदराबादेत पलटणीचा बास्केटबॉल पाहिला आणि सरकीच्या यंत्राच्या सुट्या भागांबरोबर एक चेंडूही घेऊन आले. मी तेव्हा हैदराबादेत शिकत होतो आणि परीक्षा सोडून सगळ्यात पास होत होतो. तिथल्या मैदानावर माझी उडी पाहून शेठजींनी मला उचललं. कागदोपत्री मी रुईच्या गाठींवर देखरेख करणारा होतो. गाठींनी मला कधी ओळखलं नाही, पण परभणीपासून औरंगाबादपर्यंतचे प्रेक्षक ओळखू लागले. उंची ताडाची, पाय मात्र शाळकरी पोराचे, आणि त्या पायांत हैदराबादेहून आणलेले पांढरे कॅनव्हासचे बूट. लोक खेळ पाहायला येत आणि बूट पाहून जात.

माझी ही कारकीर्द एका बकरीनं संपवली. सामना रंगात होता, मी हवेत होतो, आणि खाली जिथं उतरायचं तिथं ती येऊन उभी राहिली. वरून मला तिचे डोळे दिसले. त्या डोळ्यांत कसलीही घाई नव्हती. तिला चुकवायला मी पाय वाकडा टाकला. बकरी चालत घरी गेली, मला चौघांनी उचलून नेलं.

शेठजी गुडघा पाहायला आले. लेपाचा वास घेऊन म्हणाले, "उडी गेली. मंग आता पगार कशाचा?"

"शिकवतो की."

"काय?"

"उडी."

"स्वतःला येत न्हाई ती?"

"शेठजी, गवळी काय स्वतः दूध देतो?"

शेठजी हसले, आणि हसता हसता त्यांनी मला फासात अडकवलं. भोकरदनच्या संघाच्या पाठीशी दुसरे एक जिनवाले होते, यांचे धंद्यातले वैरी. "राजूरची पोरं तयार करा," शेठजी म्हणाले. "भोकरदनला पाडलं तर जन्मभर उस्ताद. न्हाई पाडलं, तर अंतरवालीची वाट तुम्हाला बराबर ठाऊक हाय."

अंतरवाली म्हणजे माझं घर. तिथं थोरला भाऊ शेती करत असे. त्याचा निरोप माझ्याआधी राजूरला पोचला होता: "वखर काढून ठेवलाय. उंच माणसाला वाकावं लागंल, पर होती सवय."

त्या वखराला घाबरून मी जे शिकवलं, ते विद्येच्या ओढीनं कुणी शिकवलं नसेल. मोटेच्या तोंडाची लोखंडी कडी काढून बाभळीच्या खांबांवर ठोकली. माझी पोरं पाटलाच्या भावकीतली, सगळी एकमेकांचे चुलतभाऊ. ज्वारी राखताना गोफण फिरवलेले हात, त्यामुळं नेम असा की कड्याला चेंडू शिवायचा नाही. पळायला हरणं. फक्त पाटलाचा सख्खा मुलगा जरा जड होता. त्याला मी कोपऱ्यात उभा करत असे, कारण तिथं सावली होती आणि तो वाटेत येत नसे.

सामन्याचा दिवस आला. देवळाच्या मागच्या माळावर सगळं राजूर लोटलं. शेठजी खुर्चीवर, पाटील घोंगडीवर, शिट्टी फुंकायला कवायतीचे एक निवृत्त मास्तर. भोकरदनचा संघ आला आणि त्यातला सगळ्यात उंच गडी आधी सरळ घोंगडीकडे जाऊन पाटलांच्या पाया पडला.

"हा कोण?" मी विचारलं.

"जावईबापू," पाटील कौतुकानं म्हणाले. "आमच्या थोरलीचे मालक."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण हैदराबादेत बास्केटबॉल शिकवतात, जावई शिकवत नाहीत.

शिट्टी झाली. जावयाच्या हाती चेंडू आला आणि माझे वाघ दोन्ही बाजूंना सरकून उभे राहिले. जणू वरात चालली होती. जावई रमतगमत कड्याखाली गेला, चेंडू टाकला, परतला. दुसऱ्यांदा चेंडू आमच्या एकाकडं होता. जावयानं नुसता हात पुढं केला, आणि आमच्या गड्यानं तो दोन्ही हातांनी अदबीनं दिला. बायकांमधून कुणी तरी म्हणालं, "कसे शोभून राह्यले." शेठजी माझ्याकडं पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत मला अंतरवाली दिसत होती.

मध्यंतरात मी पोरांना गोल बसवलं. "हिसकावून का घेत न्हाई?"

"जावयाच्या हातातलं?" एक जण म्हणाला. "मास्तर, तुम्ही राजूरात नवे हाव."

"पाटलीणकाकू पुन्हा घरात घ्यायची न्हाई," दुसरा म्हणाला.

"अरे, मग या गावात जावयाला हात लावायचा हक्क कुणालाच नाही?"

मग कोपऱ्यातला तो जडसा गडी, पाटलाचा मुलगा, घसा खाकरून म्हणाला, "मला हाय. कान पिळायचा. पर लग्नात मला हिवताप आल्ता, मी खाटंवर पडून होतो. कान राहूनच गेला."

नवऱ्या मुलाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा, हे कुणाला सांगायला नको. पण तो मान असा वापराविना पडून आहे, हे ऐकून माझ्या गुडघ्यातली कळसुद्धा थांबली.

"कान चालतो, तर कानाशेजारचा चेंडू न्हाई चालत?" मी म्हणालो. पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. भावकीत चर्चा झाली. चालतो, असं ठरलं. फक्त सख्ख्या भावाला.

खेळ सुरू झाला. जावई रमतगमत निघाला, आणि वाटेत मेहुणा उभा. "दाजी, माझा मान बाकी हाय," असं म्हणून त्यानं चेंडू काढून घेतला. आधी पाटीलच खदखदून हसले आणि सगळं गाव सुटलं. चेंडू माझ्या हरणांकडं गेला, हरणांनी कड्यात टाकला. असं पुन्हा पुन्हा झालं. गुण बरोबरीला आले, आणि तिथं हा मेहुणा चेकाळला. चेंडू काढता काढता त्यानं खरोखरच कान पिळला.

जावई रुसला.

मैदान सोडून तो लिंबाखाली जाऊन बसला. "मांडव न्हाई, वाजंत्री न्हाई," तो म्हणाला, "भर माळावर कान पिळून राह्यले."

मी शिट्टीवाल्या मास्तरांकडं धावलो, म्हणजे लंगडलो. "खेळ चालू करा."

"जावई रुसल्यावर खेळ चालवायचा कायदा किताबात न्हाई," ते म्हणाले. "तो उठला तर खेळ, न्हाई तर सामना रद्द. मीबी कुणाचा तरी जावई हाय."

शेठजींनी पाडायला सांगितलं होतं. रद्द सामन्यात कोण पडतं? लिंबाखाली पाटील समजूत काढत होते. "जावईबापू, मागा काय ते. गाय मागा, जरीचा मंदील मागा." जावई मान हलवत होता. मी जवळ गेलो आणि दुखरा पाय मोकळा करायला म्हणून त्याच्यासमोर दोन्ही पाय लांब करून बसलो. ऊन बुटांवर छान पडलं होतं.

"मास्तरांचे बूट," जावई म्हणाला.

मी थोडा वेळ दुःख केलं. मग बूट उतरवून दिले.

त्यात त्याचे पाय कसे गेले, हे लिंबानं पाहिलंय. पण मानाची वस्तू, ती गावादेखत काढायची कशी? जावई मैदानात उतरला तो निखाऱ्यांवरून चालल्यासारखा. तरी गडी जिद्दीचा. शेवटी शेवटी चेंडू त्याच्याकडंच आला आणि तो एकेक पाऊल मोजत कड्याकडं निघाला. मेहुण्याला आता त्याची दया आली. लांबून आलेल्या पाहुण्याच्या हातातली पिशवी घ्यावी तसा तो पुढं झाला. "द्या दाजी, मी घेतो. दमलाव तुम्ही." जावयानं हुश्श करून दिला. मेहुण्यानं जन्मात प्रथमच चेंडू पार पलीकडच्या, भोकरदनच्या कड्याकडं फेकला. तो कड्यावर जरा घुटमळला आणि आत पडला. मास्तरांनी शेवटची शिट्टी फुंकली.

शेठजी उठून आले. आधी माझ्या अनवाणी पायांकडं पाहिलं. "उस्ताद, बूट?"

"मानपानात गेले, शेठजी."

"बराबर," ते म्हणाले, आणि मी तो 'उस्ताद' शब्द कानात घट्ट धरून ठेवला.

त्यानंतर पुष्कळ गावांत पुष्कळ संघ घडवले. जावयाच्या पायाचं माप मला आधीच ठाऊक होतं का, असं राजूरचे लोक अजून विचारतात; मी सुपारी कातरत बसतो. वखर काही दिवसांनी भावानं स्वतःच उचलला. आणि नवा गडी शिकायला आला की त्याची उंची मी नंतर मोजतो. आधी विचारतो, "सासर कुठलं?"