सहा नंबरच्या धक्क्यावरची बोट

...तर त्या शुक्रवारचा केकही एल्सेबेथलाच आणावा लागला, इथपर्यंत काल आलो होतो. सलग तिसरा!

मासळीच्या गोदामावर एल्सेबेथ, प्रेबेन धरून पाचजणांचं ऑफिस. बंदरात कुठली बोट आत, कुठली बाहेर, हे दाखवणारा प्रोग्राम ते लिहायचे. मी गावच्या शाळेत सात वर्षं काढलेला, जाळी विणणारा माणूस. पण केकच्या वासाने वर जायचो आणि सगळं ऐकायचो. प्रोग्राम आधी कंपायलर नावाचा तपासनीस वाचतो. उघड चूक दिसली तर तो अडून बसतो, नुसती शंका आली तर इशारा देऊन पुढे जातो. शुक्रवारी ज्याच्या नावावर इशारा, त्याने केक आणायचा, असा त्यांचा नियम.

"आजपण सफरचंदाचाच का गं?" प्रेबेन चिडवायचा. "साखर कमी पडतेय हं."

तिच्या इशाऱ्याचं कारण तिनेच मला समजावलं होतं. प्रत्येक बोटीची नोंद स्मार्ट पॉइंटर नावाच्या एका राखणदाराच्या ताब्यात. बोट बंदराबाहेर पडली की तो नोंद पुसून टाकतो. एल्सेबेथने त्याच्याकडून नोंदीचा नुसता पत्ता उतरवून घेतला आणि स्क्रीनला दिला. नोंद पुसली गेली तरी पत्ता तसाच. तिथे कधीकधी मागचंच चित्र उरतं, म्हणजे गेलेली बोट स्क्रीनवर उभीच दिसते.

"म्हणजे भूतच की," मी म्हणालो.

"हजारात एकदा होईल, आजोबा," ती हसली. चौथ्या शुक्रवारी तिने कंपायलरसाठी एकच ओळ लिहिली: हा इशारा दाखवू नकोस. त्या दिवशी केक प्रेबेनने आणला.

पुढच्या जानेवारीत आमच्या गावच्या विलाद्सची मासेमारीची बोट पहाटे बाहेर पडली. दुपारी वारा उठला. पहारेकऱ्याने स्क्रीन पाहिली. बोट सहा नंबरच्या धक्क्याला उभी. मग शोधायला कोण जाणार? चार तास असेच गेले. बोट सापडली, उलटी. विलाद्स नाहीच सापडला.

चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं, 'जुना कॉम्प्युटर'. आपली ओळ एकट्या एल्सेबेथला सापडली. तेव्हापासून ती रोज दुपारी सहा नंबरला यायची. धक्का रिकामा असायचा, पण ती पाण्याकडे अशी बघायची, की मलाही वाटे तिथे काहीतरी हलकेच डुलतंय. एकदा म्हणाली, "आजोबा, डोळे मिटले की ती अजून उभीच असते हो." मी विणत राहिलो. माझ्या हातातली गाठ मात्र चुकली.

मार्चमध्ये विलाद्सचा भाऊ अंकर तिथेच आला. प्रेबेनही तिच्याबरोबर होता.

"एल्सेबेथ, तू त्यातली जाणकार," अंकर म्हणाला. "आई रोज विचारते. तो समुद्रात होता, मग स्क्रीनवर इथे कसा दिसत होता गं?"

"अरे, कॉम्प्युटर जुना होता," प्रेबेन घाईघाईने बोलला. "कागदावर आहेच की ते."

अंकरने मान हलवली आणि तो जायला वळला. आता ती गप्प राहिली असती तर जन्मात कोणाला कळलं नसतं. तिने त्याची बाही धरली.

"कॉम्प्युटर जुना नव्हता, अंकर. त्याने मला आधीच सांगितलं होतं आणि मी त्याला गप्प बसवलं. आईला तू सांगतोस, की मी येऊ?"