तपासनीस आणि झटपट पट्टी

नातवंडांनो, काल फोनवर तुम्ही पट्टीवरच्या तपासण्यांचं कौतुक केलंत, म्हणून लिहिते.

नव्वदच्या दशकात तुमच्या बाबाच्या पोटदुखीपायी मी बारामतीच्या एका लॅबमध्ये खेपा घालत असे. तिथले तपासनीस काडेपेटीतून आलेला शौचाचा नमुनाही प्रसादासारखा दोन्ही हातांनी घेत. एकदा टाय लावलेला विक्रेता पोटातला अमिबा शोधणारी झटपट पट्टी घेऊन आला; ती कधीच चुकत नाही, असं त्याचं म्हणणं. ती पसंत पडली, तर लॅबचे डॉक्टर मायक्रोस्कोप विकणार होते.

तपासनीस म्हणाले, "कधीच चुकत न्हाय? मग तुमचाच नमुना द्या की, सायेब!"

पट्टीनं विक्रेत्याला निर्दोष ठरवलं. तपासनिसांनी मायक्रोस्कोपखाली त्याला त्याच्याच पोटातल्या जंतांची अंडी दाखवली.

"पण पट्टी फक्त अमिबाच शोधते!" विक्रेता म्हणाला.

"व्हय. आन् ह्यो समद्यांची हजेरी घेतोय," मायक्रोस्कोप थोपटत तपासनीस म्हणाले.

विक्रेत्यानं टाय सैल करून हळूच जंतांची गोळी मागितली.

आता त्या लॅबमध्ये पट्ट्याही आहेत. तो मायक्रोस्कोपही आहे.